पीकसल्ल्याच्या एजंटांनी आधी एकमेकांशी बोलावे

महोदय,

शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याच्या महाअ‍ॅग्री-एआय धोरणासाठी (२०२५-२९) राज्याने पहिल्या तीन वर्षांत ५०० कोटी ठेवले आहेत. सल्ला देणारे सॉफ्टवेअर एजंट, म्हणजे नेमून दिलेले काम आपणहून करणारे संगणकी प्रोग्रॅम, आता आमच्या वावरापर्यंत येणार. यावेत, पण एक अट आधीच घालावी.

मागच्या ऑगस्टमध्ये सकाळी सातला माझ्या मोबाइलवर संदेश आला: कपाशीवर तुडतुडे आहेत, आजच फवारा. दोन गडी लावून चार एकर उरकले. दुपारी दोनला धो-धो पाऊस आला. औषध धुऊन गेले, मजुरी गेली. संध्याकाळी पाहतो तर त्याच अ‍ॅपच्या हवामानाच्या पानावर पावसाचा इशारा पहाटेपासून होता. किडीचा सल्ला देणाऱ्यापर्यंत तो पोचलाच नव्हता. आठवड्याने पुन्हा फवारणी. २०१७ मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास जीव गेले. त्यामुळे गड्याच्या पाठीवर दुसऱ्यांदा पंप चढवताना हात कचरतो.

एजंटांनी मिळून काम कसे करावे, यावर संशोधकांनी फार पूर्वीच विचार केला आहे. १९८० मध्ये रीड स्मिथ यांनी कामवाटपाची रीत मांडली: एकाने काम पुकारायचे, जमेल त्यांनी बोली लावायची. मला त्याहून मोलाचे वाटते ते फिलिप कोहेन आणि हेक्टर लेव्हेक यांचे १९९१ मधील म्हणणे. मिळून अंगावर घेतलेले काम आता होणार नाही हे एकाला कळले, तर त्याने नुसते थांबून भागत नाही. बाकीच्यांना कळवणे हेही त्याचेच काम.

इर्जिकीत, म्हणजे एकमेकांच्या वावरात मिळून काम करण्याच्या रीतीत, आमच्याकडे हेच चालत आले. वडिलांच्या वेळी डवरणीच्या दिवशी एकाचा बैल लंगडू लागला. त्याने अंधारातच पोराला घरोघरी धाडले आणि उजाडेस्तोवर दुसऱ्याची जोडी आमच्या धुऱ्यावर उभी होती.

एजंटांना आपसात बोलता यावे म्हणून गूगलने २०२५ मध्ये एटूए ही खुली पद्धत आणली. पण बोलायची सोय झाली म्हणून मिळून बेत ठरतोच असे नाही. म्हणून सरकारने निविदेतच लिहावे: हवामानाचा अंदाज बदलला की फवारणीचा सल्ला त्याच क्षणी मागे घ्यावा, आणि तसा फोन वऱ्हाडी बोलीत शेतकऱ्याला जावा. दोन एजंटांचे जुळत नसेल, तर तेही लपवू नये. काय करायचे ते आम्ही ठरवू, फक्त पंपात औषध कालवण्याआधी कळू द्या.

– एक कापूस उत्पादक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ