एजंट चालू, तरी डेटा येईना

संपादक महोदय,

मायक्रोकंट्रोलर (बोर्डावरची छोटी संगणक-चिप) डीडीएस जाळ्याशी, म्हणजे प्रोग्रामांनी आपसांत डेटा देण्याघेण्याच्या व्यवस्थेशी, जोडणारा ‘मायक्रो एक्सआरसीई-डीडीएस एजंट’ हा प्रोग्राम चालू असूनही डेटा दिसत नसेल, तर आधी बॉड रेट (सिरीयल जोडणीचा वेग) पाहावा. तो बोर्ड आणि एजंट दोन्हीकडे एकच हवा, उदा. ११५२००. लिनक्सवर सिरीयल पोर्ट उघडत नसेल, तर वापरकर्ता बहुधा ‘डायलआउट’ या सिरीयल पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या गटात नसतो.

डोमेन क्रमांक (कोण कोणाशी बोलू शकते हे ठरवणारा डीडीएसचा क्रमांक) एकीकडे ० आणि दुसरीकडे ५ असला, तर कुठलीही चूक न दाखवता सगळे गप्प राहते. सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो. प्रत्येक बोर्डाची क्लायंट की (एजंटला बोर्ड ओळखता यावा यासाठीचा क्रमांक) वेगळी ठेवाच, नाहीतर दोन बोर्ड एकमेकांचे सत्र तोडतात. एमटीयूपेक्षा (एका वेळी पाठवता येणाऱ्या कमाल आकारापेक्षा) मोठा संदेश बेस्ट-एफर्ट, म्हणजे पोहोचल्याची खात्री न करणाऱ्या, प्रवाहातून जात नाही, कारण तिथे त्याचे तुकडे होत नाहीत. त्यासाठी रिलायबल, म्हणजे पोहोचल्याची खात्री करणारा, प्रवाह घ्यावा. एजंटच्या लॉगची (नोंदींची) पातळी ६ केली, की संदेशांची ये-जा दिसते.

– एक वाचक