यंत्राला ड्रॉइंग मिळेल, कारणे कोण देणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लष्करी इलेक्ट्रॉनिक्सचे डिझाइन कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपवण्याच्या बातम्यांत हल्ली एकच सूर असतो: माणसाला महिने लागतात, यंत्राला एक दिवस पुरेल. अमेरिकेच्या 'डार्पा' या लष्करी संशोधन संस्थेने २०१८ मध्ये ज्याची कामे वाटून दिली त्या 'आयडिया' कार्यक्रमाचे उद्दिष्टच तसे होते. चिप असो वा सर्किट बोर्ड, मांडणी २४ तासांत व्हावी आणि माणसाचा हात लागू नये. त्यातून आलेले 'ओपनरोड' हे चिपच्या मांडणीचे सॉफ्टवेअर आज सर्वांना खुले आहे. मला याचे कौतुकच वाटते. नोकरीची सगळी वर्षे मी संरक्षण उपकरणांच्या बोर्डांचे ले-आउट, म्हणजे सुटे भाग आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या रेषा (ट्रॅक) यांची मांडणी, करत होते. एकेक ट्रॅक हाताने वळवत बसण्यात काही थोरवी नाही.

खरी गरज आहे तिकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. रडार किंवा रेडिओ संच दशकानुदशके सेवेत राहतो, त्यातली चिप त्याच्या कितीतरी आधी बाजारातून जाते. मग त्याच पेटीत, त्याच कनेक्टरवर, बदली चिपसाठी बोर्ड पुन्हा आखायचा. हे किचकट, कंटाळवाणे काम यंत्राला खुशाल द्यावे.

माझा प्रश्न वेगळा आहे. यंत्र शिकणार कशावरून? जुन्या ड्रॉइंगवरून. ड्रॉइंगमध्ये सिरॅमिक कपॅसिटर बोर्डाच्या कडेपासून लांब आणि कडेला समांतर बसवलेला दिसतो. तो तसा का बसवला, ते दिसत नाही. आधीच्या आवृत्तीत तो कडेलगत होता. स्क्रू आवळताना बोर्ड किंचित वाकला, कपॅसिटरला बारीक चीर गेली आणि कंपन चाचणीत तो शॉर्ट झाला. ही हकिकत फेल्युअर रिपोर्टमध्ये, म्हणजे बिघाडाच्या अहवालात, असते आणि रिपोर्ट गोपनीय म्हणून कपाटात. लष्करी दर्जाच्या सुट्या भागांची रूढ तापमान मर्यादा उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअस. मोबाइलच्या बोर्डाला हे सोसावे लागत नाही, पण मुबलक मिळणारा डेटा नेमका असल्याच बोर्डांचा!

कोणी म्हणेल, चाचण्या आहेतच की. आहेत. अमेरिकी लष्करी मानकांपैकी विद्युतचुंबकीय त्रासासाठी मिल-एसटीडी-४६१, हवामान आणि धक्क्यांसाठी मिल-एसटीडी-८१०. पण बोर्ड एका दिवसात आखता येऊ लागला, की पास होईपर्यंत नवनवे बोर्ड चाचणीला लावण्याचा मोह होणारच. असा बोर्ड चाचणीपुरता शहाणा होतो. याचे जुने उदाहरण आहे: इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन यांनी १९९६ मध्ये उत्क्रांतीच्या पद्धतीने, म्हणजे संगणकाकडून पिढ्यान्‌पिढ्या बदल आणि निवड करवून, एक सर्किट एफपीजीए चिपवर (आतल्या जोडण्या हव्या तशा बदलता येणाऱ्या चिपवर) घडवून घेतले. १ आणि १० किलोहर्ट्झचे स्वर ते अचूक वेगळे करी. मात्र त्यातले काही भाग बाकी सर्किटला जोडलेलेही नव्हते, तरी ते काढले की काम बिघडे. आणि ज्या तापमानात ते घडले त्याच्या फार बाहेर ते चालेना. प्रयोगशाळेत ही मौज आहे. क्षेपणास्त्राच्या नाकात असले सर्किट बसवून त्याखाली सही कोण करील? मी तरी केली नसती.

म्हणून संरक्षण क्षेत्रातील संस्थांनी सॉफ्टवेअरचे परवाने घेण्याआधी कपाटे उघडावीत. जुने फेल्युअर रिपोर्ट संस्थेच्या आतच, बाहेरच्या जाळ्याला न जोडलेल्या संगणकांवर, यंत्राला वाचता येतील अशा रूपात आणावेत. ले-आउटच्या प्रत्येक नियमापुढे त्याचे कारण आणि तो कोणत्या बिघाडातून आला हे नोंदवावे. यातले बरेचसे आज फक्त माझ्या पिढीच्या डोक्यात आहे आणि आम्ही एकेक करून निवृत्त होत आहोत. या कामासाठी आम्हाला बोलवा. निविदेत त्याची रक्कम मात्र परवान्यांच्या खर्चात न मिसळता वेगळी दाखवा, नाहीतर पहिली कात्री तिलाच लागते.

आपली,
एक निवृत्त ले-आउट डिझायनर