अण्णा, पान भरलं

अण्णा,

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही "चहा घे" म्हणून विषय तोडता. म्हणून इथं, चारचौघांत लिहितोय.

डिसेंबर २०१३. दिल्ली हायकोर्टानं २००९ मध्ये आमच्यासारख्यांना गुन्हेगारांतून बाहेर काढलं होतं, सुप्रीम कोर्टानं ११ तारखेला पुन्हा आत ढकललं. कलम ३७७, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, इंग्रजांनी १८६० साली लिहिलेलं. नेमकी त्याच आठवड्यात घरी माझ्यासाठी पत्रिका आली. नाही म्हटलं, आणि का तेही सांगून टाकलं. बाबा बोलायचे थांबले. मामा एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते माझ्याकडे न बघताच मामांना म्हणाले, "लग्न लावून द्या, सगळं जागेवर येतं." वर ५०० रुपये फी. ज्यांच्या लग्नात मी रात्रभर पंगती वाढल्या, ते मित्र फोन उचलेनात.

आणि तुम्ही. आपलं बोलणं तोवर पाण्याच्या टाकीपुरतंच. दांडिया बाजारातल्या आपल्या जिन्यात मला अडवून म्हणालात, "वर ये, हिशेब दाखवायचाय."

हिशेब म्हणजे ती खाकी फाइल. कात्रणं डिंकानं चिकटवलेली, तारखा लाल शाईत. पहिलंच भूपेन खख्खर यांचं. "आपल्या बडोद्याचा चित्रकार. कारखान्यात हिशेब लिहायचा, म्हणजे आमच्या लायनीतला!" असं म्हणताना तुमची कॉलर जरा ताठ झाली होती. त्यांच्या १९८१ च्या चित्रात गॅलरीत एक उघडा माणूस उभा आहे आणि खाली बापलेक आणि गाढवाची गोष्ट चाललीय. "सगळ्यांना खूश करायला गेलं की गाढव जातं," एवढंच बोललात. पुढे मध्य प्रदेशात सोहागपूरहून आमदार झालेल्या तृतीयपंथी शबनम मौसी. मग २००६ मध्ये उघडपणे बोललेले राजपीपळ्याचे राजपुत्र मानवेंद्रसिंह. आपल्या शेजारचं राजपीपळा, आणि मला पत्ता नाही! मी समजत होतो, असा मी एकटाच.

शेवटचं कात्रण १२ डिसेंबरचं. डिंक अजून ओला होता. त्याखाली तुमच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं, 'पुढील पानावर'. मी पान उलटलं. कोरं. वरच्या कोपऱ्यात फक्त 'मागील पानावरून'.

अण्णा, त्या रात्री मी सुरसागर तलावाच्या पाळीवर जाऊन बसणार होतो. का, ते तुम्ही विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. तुमच्याकडे पोहे खाल्ले आणि खाली येऊन झोपलो.

६ सप्टेंबर २०१८ ला निकाल फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुम्ही दार वाजवलंत, हातात पेपर, कात्री आणि डिंक. "तू चिकटव." वाकडं चिकटलं, तरी सरळ केलं नाहीत.

आता मुलीकडे पुण्याला जाताना फाइल माझ्या दाराशी ठेवून गेलात. काल उघडली. शेवटी ऑक्टोबर २०२३, आमच्या लग्नाला सुप्रीम कोर्टाचा नकार. खाली तीच पेन्सिल, 'पुढील पानावर'.

डिंक मी नवा आणलाय.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा