गुड फ्रायडेला तू पडलास त्याबद्दल

प्रिय बाबू,
सलाम.

फोनवर फक्त "बरा आहेस ना" विचारलं आणि ठेवून दिला, कारण पुढे बोलले असते तर रडले असते. म्हणून लिहितेय. शुगरचं काही विचारणार नाही, ठरवूनच बसलेय.

तू पडलास हे मला मासळी बाजारात कळलं. पाळकसाहेब वधस्तंभावरच्या सात उद्गारांतल्या पाचव्या उद्गाराला पुलपिटवरच खाली बसले म्हणे, हात थरथरत होते, घामाने झगा भिजलेला, कुणीतरी धावत जाऊन साखरपाणी पाजलं. शुद्ध होती म्हणून पाजता तरी आलं. मशीनवर 48. सकाळचं इन्सुलिन घेतलंस आणि उपवास म्हणून पोटात काही नाही, अरे नवव्या वर्षापासून सुया टोचून घेतोयस तू, 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम ग्लुकोज आणि 15 मिनिटांनी परत बघायची हे मी तुला पाढ्यांसारखं पाठ करून घेतलेलं.

बघ, आलेच शुगरवर.

पाचवा उद्गार कुठला रे? "मला तहान लागली आहे." त्या रात्री योहानाच्या शुभवर्तमानाचा 19 वा अध्याय काढून परत वाचला. प्रभूने ते सगळ्यांसमोर म्हटलं, शिपायांसमोर, हसणाऱ्यांसमोर, आणि त्यांनी पुढे केलेली आंब, तो आंबट द्राक्षारस, घेतली. तू त्याच वचनावर बोलत होतास आणि खिशात ग्लुकोजची पुडी होती, ती काढली नाहीस, लोकांसमोर कशी खायची म्हणून. सूनबाईने सांगितलं, तिच्यावर रागावू नकोस.

प्रेषित पौलाने देहातला काटा काढ म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली, निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे असं उत्तर आलं, यावर तू किती सुंदर बोलतोस. पण ते त्याने करिंथच्या मंडळीला लिहून कळवलं ना? आणि ती मंडळी काही प्रेमळ नव्हती, हा देहाने दुबळा, बोलण्यात काही दम नाही असं म्हणणारी होती. त्यांनाच सांगितलं. तुझी कमिटी त्याहून वाईट आहे का?

माफ कर, पाळकाला वचनं शिकवायला लागले.

खरं सांगायचंय ते वेगळंच. बाबांचं तू अर्धंच पाहिलंस. पावसाळ्यात ते तीन-तीन दिवस उठायचे नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडायचे, जेवण नाही, बोलणं नाही, आणि मंडळीतलं कुणी आलं की मी दारातूनच सांगायचे, पाळकसाहेब शिरोड्याला गेलेत, आरवलीला गेलेत. एकदा तू माझा पदर धरून म्हणालास, "आई, बाबा तर आत आहेत." लोक गेल्यावर मी तुला चापट मारली. तुला आठवत नसेल. मला परवापासून तेवढंच आठवतंय. लपवायचं कसं ते तुला मीच शिकवलं.

शेवटी आपले ते रापणवाले आजोबा, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे, एकदा सरळ आत आले, मी अडवेपर्यंत खाटेशी बसलेसुद्धा. काही विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी उकड्या तांदळाची पेज घेऊन परत आले. चौथ्या दिवशी म्हणाले, साहेब, रापण ओढताना ज्याचा हात कापतो त्याने ओरडायचं असतं, मग दुसरा दोर धरतो, तो गप्प राहिला तर त्या बाजूने जाळं सैल पडतं. त्या रविवारी शास्त्रपाठ आजोबांनी वाचले, बाबा पहिल्या बाकावर बसले. नंतरच डॉक्टरकडे गेले, औषध सुरू झालं. किती वर्षं वाया घालवली आम्ही दोघांनी.

माझी आजी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली हे तुला माहीत आहे. 1921 मध्ये त्यांची लेक मनोरमाबाई गेल्या तेव्हा ती लहान होती तिथे. रमाबाईंना कानांनी आधीपासूनच कमी ऐकू यायचं, त्यापायी तर विलायतेत डॉक्टर व्हायचं राहून गेलं, आणि म्हातारपणी लेक गेली तरी मराठी बायबलचं काम त्यांनी सोडलं नाही, पुढच्याच एप्रिलमध्ये त्याही गेल्या. तुम्ही पाळक लोक ही गोष्ट धीर म्हणून सांगता. खरंच आहे. पण मला हल्ली त्यातली दमलेली आई दिसते.

ईस्टरच्या पहाटे समुद्रावरची उपासना तूच घेतलीस, खुर्चीवर बसून, ते कळलं. बाबा असते तर चार घरी सांगून आले असते. मलाही कौतुक वाटलं, आणि लगेच राग आला की दोन दिवस झोपला का नाही हा. दोन्ही खरं आहे बघ.

येत्या रविवारी घोषणांच्या वेळी मंडळीला सांग. भाषण नको, एवढंच की मला लहानपणापासून शुगर आहे, मी मध्येच थांबून काही खाल्लं तर घाबरू नका, आणि मला कसंतरी व्हायला लागलं तर पुडी या खिशात आहे. शास्त्रपाठ तरुण संघातल्या पोरांना वाचू दे. आणि पुढच्या गुड फ्रायडेला उपवास करायचा नाही, डॉक्टरने सांगितल्याशिवाय तर नाहीच, देव तुझं उपाशी पोट मोजत नाही.

शेजारचा मुलगा शुक्रवारी एसटीने निघतोय, त्याच्याकडे ओले काजूगर आणि कोकमाच्या आगळाची बाटली देतेय. साखर घातलेली नाही.

आज सकाळी किती आली ते कळव. मशीनवर दिसली तीच, तू मला नेहमी 110 सांगतोस.

तुझी,
आई