जुनी ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्कमधले तोतये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘संगणक चालतोय ना, मग बदलायचा कशाला?’ असे म्हणणारी कार्यालये आजही आहेत. नेटवर्कला न जोडलेल्या संगणकापुरते हे म्हणणे ठीक आहे. जोडलेला असेल, तर त्याच्या भोळेपणाची किंमत त्याच नेटवर्कवरच्या इतरांनाही मोजावी लागते.

कार्यालयातले संगणक नावाची हाक मारून एकमेकांना शोधतात. विंडोजला एखाद्या सर्व्हरचा पत्ता डीएनएसकडून (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेकडून) मिळाला नाही, तर ती आसपासच्या सगळ्या यंत्रांना विचारत सुटते. तेव्हा ‘मीच तो’ असे कोणीही म्हणू शकते आणि उत्तर देणाऱ्याची ओळख तपासली जात नाही. पुढे लॉगिन करताना पासवर्डवरून तयार झालेले उत्तर थेट तोतयाच्या हाती पडते. विंडोज एक्सपी हे उत्तर मुळातच एलएम आणि एनटीएलएम या कमकुवत पद्धतींनी देते, त्यामुळे त्यातून पासवर्ड काढणे फारसे अवघड नाही. व्हिस्टा या पुढच्या विंडोजपासून ही मूळ सेटिंग बदलली.

जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘बॅडटनेल’ ही नेटबायोसमधली, म्हणजे नावाने हाक मारण्याच्या जुन्या व्यवस्थेतली, तोतयेगिरीची फट बुजवली. ती विंडोज ९५ पासून विंडोज १० पर्यंत होती. एक्सपीचा सपोर्ट, म्हणजे अशा दुरुस्त्या पुरवणे, मात्र ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता. म्हणजे फट जगजाहीर झाली आणि एक्सपी तशीच उघडी राहिली. माझ्या मते खरा धोका इथेच आहे.

‘अँटीव्हायरस आहे की!’ हे उत्तर इथे पुरत नाही. तो मुख्यतः घातक फायली आणि प्रोग्राम शोधतो; इथे संगणकावर तशी फाइल यावीच लागत नाही.

नवी सिस्टीम घेतली की सगळे मिटते, असेही नाही. नेटवर्कवरचा पत्ता कोणत्या यंत्राचा हे शोधणारा १९८२ चा एआरपी प्रोटोकॉल अजून वापरात आहे आणि त्यातही ओळख तपासण्याची सोय नाही. तो बंदोबस्त संगणकांना जोडणाऱ्या स्विच या उपकरणावर करावा लागतो. काही तपासणी यंत्रे जुन्या सिस्टीमशीच बांधलेली असतात. ती निदान वेगळ्या नेटवर्कवर ठेवावीत आणि गरज नसेल तिथे नेटबायोस बंद करावे. लोकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थांनी तर यात चालढकल करूच नये.

विंडोज १० चा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नव्या फोनच्या बातम्यांना आपण जागा देता, तशीच कोणत्या सिस्टीमचा सपोर्ट कधी संपतो या तारखांनाही ठळक जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक