शेवटच्या ढकलगाडीबद्दल

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठीचं एक अक्षर येत नाही, हे मला ठाऊक आहे. न्यूकॅसलची माझी भाची हे पत्र तुम्हाला इंग्रजीतून सांगणार आहे आणि मधलं काही गाळायचं नाही, असं मी तिला बजावलंय. इंग्रजीत आभार मानायला गेले की माझं पत्र रजेच्या अर्जासारखं होतं, म्हणून मराठीत लिहितेय. शिवाय इथल्या चार माणसांनीही ते वाचावं. "या वयात तिकडं जाऊन माती उकरायची?" असं विचारणाऱ्यांनी तर जरूर वाचावं.

इंग्लंडमधल्या विंडोलँडाच्या उत्खननावरून परत येऊन तीन आठवडे झाले. नखांच्या कडेची काळी रेघ आत्ता कुठं गेली. पण त्या दुपारची आठवण आली की अजून घसा दाटतो, म्हणून आज कामं बाजूला ठेवून लिहायला बसले.

मी कोल्हापूरची. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. दरवर्षी पोरांना टाउन हॉल म्युझियममध्ये न्यायचे आणि ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली ती पोसायडनची छोटी काशाची मूर्ती दाखवायचे. ग्रीक-रोमनांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठावर कसा आला, यावर वर्गात तास-तास बोलायचे. पण मातीतून वस्तू निघताना कशी दिसते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता पाहायचंच.

पहिला प्रयत्न वर्षभर आधी केला होता. देशाचं नाव लिहीत नाही. आमच्याच शहरातल्या एका मध्यस्थानं पैसे घेतले, उत्खननाच्या शेजारी खोली आहे म्हणाला. मी तिथं उतरले तेव्हा त्याचा फोन बंद. तेही चाललं असतं. तिसऱ्या दिवशी माझा पाय चराच्या कडेला ताणलेल्या दोरीला लागला आणि एक खुंटी उपटली. तिथल्या प्रमुखांनी तीस पोरापोरींच्या देखत माझ्या हातातली थापी काढून घेतली आणि "आंटी, तुम्ही खापरं धुवा" म्हणाले. पुढचे नऊ दिवस मी खापरं धुतली. खापरं धुणं कमीपणाचं नाही, ते कोणीतरी करायलाच हवं. पण नऊ दिवसांत ही खापरं कुठल्या थरातली, कशाची, हे मला एकानंही सांगितलं नाही. माझं नाव काय, हेही कुणी विचारलं नाही. परत आल्यावर घरी "मजा आली" म्हणून सांगितलं. ती थाप आज पहिल्यांदा कबूल करतेय.

म्हणून विंडोलँडाला आले तेव्हा मी आधीच घाबरलेली होते.

तुम्हाला विंडोलँडा काय ते सांगायला नको, पण बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द. इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलँडमध्ये हेड्रियन या रोमन सम्राटाच्या भिंतीच्या जरा दक्षिणेला हा रोमन किल्ला आहे. भिंतीचं काम इसवी सन 122 मध्ये सुरू झालं, इथले पहिले किल्ले त्याच्याही आधीचे. एकावर एक असे नऊ किल्ले बांधले गेले. सुरुवातीचे लाकडी. ते पाडायचे, वर चिकणमाती नि गवताचे गड्डे टाकून दाबायचं आणि त्यावर नवा उभा करायचा. त्यामुळं खालच्या थरांत हवा शिरलीच नाही आणि इतरत्र जे कुजून जातं ते इथं टिकलं. लाकूड, कापड, कातडं, सगळं. कातडी पायताणंच पाच हजारांच्या आसपास निघालीत. शिबंदी होती ती आजच्या नेदरलँड्स-बेल्जियमकडच्या बटाव्हियन आणि टंग्रियन लोकांची. म्हणजे इटलीचं ऊन तिथं फारसं कुणी पाहिलेलं नसणार.

एप्रिल ते सप्टेंबर खोदकाम चालतं. तुमच्यासारखी माणसं पैसे भरून, रजा काढून, दरवर्षी तिथं चिखलात गुडघे टेकायला येतात. आमच्याकडं हे सांगितलं की लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय.

दिवस कसा जायचा? सकाळी बार्डन मिल गावातून दोन मैलांचा चढ. मग बादली, थापी, गुडघ्यांखाली घ्यायची फोमची गादी आणि समोर हातभर माती. आमच्या गवंड्यांच्या थापीचीच धाकटी बहीण ती, फक्त टोकदार. खरवडायचं, बादली भरायची, बादली ढकलगाडीत, ढकलगाडी फळ्यांवरून ढिगाकडं. पाऊस आला तरी खरवडायचं. जोराचा आला तर शेडमध्ये चहा. भोवतीच्या मेंढ्या आमच्याकडं इतक्या कीव आल्यासारख्या बघायच्या की मला शाळेतली स्टाफरूम आठवायची. माझे मोजे पंधरा दिवसांत एकदाही पुरते वाळले नाहीत.

पहिल्या दिवशी तुम्ही मला "पेट" म्हणालात. मी रात्री भाचीला फोन लावून विचारलं, ते गृहस्थ मला पाळीव प्राणी का म्हणतात गं? ती हसून लोळली. तिकडं ते आपल्या "बाळा"सारखं, "ताई"सारखं म्हणतात म्हणे. दुसऱ्या दिवसापासून मीही मनात तुम्हाला दादा म्हणायला लागले. चहाच्या सुट्टीत मी भडंगाचा डबा काढला, तुम्ही मूठभर तोंडात टाकलंत, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तरी पुन्हा हात पुढं केलात. आपली ओळख झाली ती तिथं.

आता त्या दुपारचं.

आपण काळ्या थरात होतो. त्या थराचा वास मी विसरणार नाही, गोठा नि नासकी अंडी एकत्र केल्यासारखा. रोमनांनी जमिनीवर अंथरलेलं नेचं माझ्या थापीखाली निघालं तेव्हा हिरवट-पिवळं होतं आणि बघता बघता हवा लागून काळं पडलं. मी हरखून तेच बघत होते. त्याच नादात एक काळपट, दुमडलेला, ओला तुकडा हाताला लागला. मला वाटलं झाडाची साल. गेला बादलीत, बादली गेली ढकलगाडीत.

दहा मिनिटांनी पलीकडच्या मुलीनं तसलाच तुकडा वर धरून दाखवला आणि सगळे गोळा झाले. कातडं! कडेला टाक्यांची भोकं. माझ्या पोटात गोळा आला. चप्पल लाइनवरून रोज शाळेत जाणारी मी, कोल्हापूरची बाई, आणि मला कातडं ओळखता आलं नाही!

त्या क्षणी मला मागच्या वर्षीचा तो हात दिसत होता, थापी काढून घेणारा. गप्प बसावं असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. तुम्ही दिवसातली शेवटची गाडी घेऊन फळीवर अर्ध्यात पोचला होता. मी धावत येऊन हळूच सांगितलं. तुम्ही गाडी थांबवलीत. "किती मोठा?" एवढंच विचारलंत. मी बोटांनी दाखवलं. तुम्ही गाडी ढिगावर ओतली नाहीत. बाजूला ताडपत्री पसरलीत, तिच्यावर ओतलीत, आणि सत्तरीच्या पुढचं ते अंग सावकाश खाली आणून बसलात.

बाकीचे हत्यारं धुऊन निघून गेले. तुमची एडी 122 बस गेली. भिंतीचं सालच त्या बसला नंबर म्हणून दिलंय, हे मला तुम्हीच सांगितलं होतं. तुम्ही मान वर करून तिच्याकडं पाहिलंत आणि पुन्हा ढेकूळ फोडायला घेतलंत. मी चार वेळा म्हणाले, राहू दे, जाऊ दे. तुम्ही मला 1973 ची गोष्ट सांगायला लागलात. पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्लींना इथं चरात लाकडाच्या पातळ चिपा सापडल्या, सुताराच्या रंध्यातून पडलेल्या असाव्यात तशा. दोन चिपा चिकटलेल्या होत्या, त्या सोडवल्या तर आत शाईची बारीक अक्षरं. हवा लागताच अक्षरं विरायला लागली, मग इन्फ्रारेड फोटोत ती पुन्हा वाचता आली. त्याच त्या विंडोलँडाच्या पत्रपट्ट्या. "त्यांनाही आधी कचराच वाटला होता," तुम्ही म्हणालात. माझ्याकडं न बघता म्हणालात, हे बरं केलंत.

हेझलनटचं एक टरफल निघालं. सालीचे तुकडे निघाले, खरोखरच्या सालीचे. तासभर होऊन गेला असेल. माझी बोटं बधिर झाली होती.

आणि मग ते, ज्यासाठी हे पत्र लिहितेय. तुमची बोटं एका ढेकळापाशी थांबली. अंगठ्यानं तुम्ही जरा माती सारलीत. मग हात काढून घेतलात, ताडपत्रीच्या दुसऱ्या टोकाला सरकलात आणि म्हणालात, "हा कोपरा तू बघ, पेट, माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही."

दादा, त्याच सकाळी तुम्ही चष्मा न लावता तीन हातांवरून करंगळीच्या नखाएवढा काचेचा मणी ओळखला होता. मी तिथंच होते.

मी तो कोपरा बघितला. तुकडा तिथंच होता, दोन बोटं लांब, एका कडेला पाच भोकं. तुम्ही "सापडला का?" म्हणून असं विचारलंत, की नाटकमंडळीत असता तर पडलाच असता. तुमच्यासारख्या माणसाला चटकन कळलं असणार की ही नुसती चांभारानं कापून टाकलेली कात्रण आहे. पाच हजार पायताणं निघालेल्या जागी या कात्रणाचं कुणाला काय कौतुक! ते नसतं सापडलं तरी रोमच्या इतिहासात एक ओळ कमी झाली नसती. तरी तुम्ही बस सोडलीत. तरी तुम्ही ते मला सापडू दिलंत. दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षिकाबाई माझ्याशी बोलल्या ते फक्त "छान, नीट उचललंत" एवढंच. म्हणजे तुम्ही त्यांना काय सांगितलं असेल, ते मला कळलं.

उतारावरून आपण चालत बार्डन मिलला आलो आणि तुम्ही उलटसुलट गाड्या बदलत घरी गेलात. वाटेत तुम्ही त्या मोज्यांच्या पत्रपट्टीबद्दल सांगितलंत. कुणीतरी कुणालातरी कळवलंय की मोजे पाठवलेत, दोन जोड वहाणा आणि दोन चड्ड्याही. माझ्या ओल्या मोज्यांचा बुटात पचपच आवाज येत होता आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गारठलेल्या शिपायाची मला फार दया आली.

चूक झाल्यावर माणसाशी कसं वागायचं, हे मी एकतीस वर्षं पोरांना शिकवत होते असा माझा समज होता. खरं सांगायचं तर मीही वर्गासमोर कितीतरी वह्या उंच धरून दाखवल्या आहेत, "बघा याचं अक्षर" म्हणून. त्यातला एक मुलगा अजून मला रस्त्यात भेटला की अंग चोरतो. परवा त्याच्या दुकानात जाऊन आले. तो काय बोलला ते इथं लिहीत नाही.

चांगली माणसं आमच्याकडं नाहीत असं नव्हे. 2019 च्या पुरात आम्ही शाळेच्या वरच्या मजल्यावर होतो तेव्हा कोण कुठली पोरं छातीभर पाण्यातून भाकरी घेऊन आली, नावंसुद्धा न सांगता गेली. कुणाची भाकरी हे आजवर कळलं नाही. तुमची जात तीच. तुमच्याकडच्या घरमालकीणबाई शेजारणीला सूप नेऊन देतात, तो बसचा ड्रायव्हर माझी पिशवी उचलायला खाली उतरला, हे सगळं मी पाहिलं. फक्त अशी माणसं वर बसलेली नसतात, ती बहुधा ढकलगाडी ढकलत असतात, याचं वाईट वाटतं.

असो. पार्सल सोमवारी निघालं. त्यात कमी तिखटाचं भडंग आहे आणि हातानं लिहिलेली एक चिठ्ठी. त्या काळातल्या एका रोमन किल्लेदाराच्या बायकोनं, क्लॉडिया सेव्हेरानं, मैत्रिणीला 11 सप्टेंबरच्या वाढदिवसाचं बोलावणं कारकुनाकडून लिहवून घेतलं, पण शेवटच्या ओळी स्वतःच्या हातानं लिहिल्या, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. मग मी सगळंच मोबाइलवर कसं टाइप करू?

आणि एक जोड कापशी चप्पल आहे. माप तुमच्या बुटांच्या चिखलातल्या ठशावरून अंदाजानं सांगितलंय. नवीन आहे, पहिले आठ दिवस करकर वाजेल आणि अंगठ्याला चावेल, तेव्हा आतून थोडं खोबरेल लावून रात्रभर ठेवा. पावसात घालू नका, म्हणजे तुमच्याकडं वर्षातून चार दिवस घालता येईल. मोजे पाठवलेले नाहीत. मोज्यांवर ती घालताच येत नाही, अंगठा आत जात नाही.

तुमची,
कोल्हापूरची पेट