नाव न विचारलेल्या मदतनीसांचे आभार

अमेरिकेत यूएसपीएसए या प्रात्यक्षिक नेमबाजीच्या संघटनेच्या नियमांनी होणाऱ्या पिस्तूल स्पर्धेत मी प्रथमच उतरलो, तेव्हा ज्यांची नावे विचारायचेही भान राहिले नाही, त्या साऱ्यांचे मनःपूर्वक आभार. सेफ एरियात, म्हणजे गोळ्यांविना पिस्तूल हाताळण्यासाठी राखलेल्या जागेत, रिकामे पिस्तूल होल्स्टरमधून काढताना बोट ट्रिगरपासून दूर ठेवायची सवय ज्या गृहस्थांनी पुन्हापुन्हा करवून घेतली, आणि पिस्तुलाची नळी 180 अंशांच्या रेषेमागे (नेमबाजाच्या दोन्ही बाजूंना आडव्या जाणाऱ्या काल्पनिक रेषेमागे) वळली तर आपली स्पर्धा तिथेच संपते, हे ज्या बाईंनी न रागावता चालून दाखवले, त्यांचा मी विशेष ऋणी आहे. निकाल गुण भागिले वेळ असा लागत असूनही घाई न करण्याचे बजावणाऱ्या रेंज ऑफिसरांमुळे (सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या पंचांमुळे) मी शेवटून दुसरा आलो, पण बाद झालो नाही. पुढच्या वेळी लक्ष्यांवरच्या गोळ्यांच्या भोकांवर ठिगळे चिकटवायला मी सर्वांआधी हजर असेन.